चित्रावर चित्र : व्हिडिओ एडिटिंगमधील इफेक्टचे तंत्र

व्हिडिओ एडिटिंगमधील इफेक्ट म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रातील आकड्यांमध्ये केलेला हिशेबी फेरफार. डिजिटल चित्र ठिपक्यांचे बनते आणि प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला लाल, हिरवा व निळा या रंगांचे तीन आकडे येतात. साध्या आठ बिटांच्या व्हिडिओत हे आकडे ० ते २५५ यांच्या दरम्यान असतात. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका सेकंदात २० कोटींहून अधिक. आंबेनळी घाटातले धुके दाट करायचे असो, नवरा-नवरीच्या मागे रायगड उभा करायचा असो, की महाडच्या छबिना उत्सवातली सासनकाठी संथ नाचवायची असो, सॉफ्टवेअर याच आकड्यांची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करते. तो परिणाम खरा वाटणार की चिकटवलेला, हे मात्र बरेचसे शूटिंगच्या जागीच ठरून गेलेले असते. तिथला उजेड, मागचे कापड आणि समोरच्यांचे कपडे यांचा जो विचार आधी झालेला नसतो, तो नंतर माउसने भरून काढता येत नाही.

हे तंत्र संगणकापेक्षा जुने आहे, आणि त्याचा प्रवास पोलादपूर तालुक्यातील एका वीराच्या कथेवरूनच पाहता येतो. तानाजी मालुसरे यांची समाधी उमरठला आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री त्यांनी कोंढाण्यावर दिलेली झुंज मराठी माणसांनी पडद्यावर पुन्हापुन्हा उभी केली. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने कोल्हापुरात १९२३ मध्ये ‘सिंहगड’ काढला. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या त्या काळातल्या चित्रीकरणात या मूकपटाने कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. १९३३ मध्ये व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी हीच कथा बोलपटात आणली. २०२० मध्ये ओम राऊत दिग्दर्शित ‘तान्हाजी : द अनसंग वॉरियर’ आला, तेव्हा गडाचे कडे, दरी आणि रात्र यांचा मोठा भाग संगणकावर घडवला गेला. दृश्यपरिणामांचे ते काम एनवाय व्हीएफएक्सवाला या संस्थेने केले. रात्र दाखवण्यासाठी आधी दिवे आणावे लागले आणि शेवटी रात्रच संगणकात बनू लागली, असा हा सुमारे शंभर वर्षांचा पल्ला आहे.

त्याही आधी दादासाहेब फाळके यांनी कॅमेऱ्यातच चमत्कार घडवले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी त्यांनी ‘अंकुराची वाढ’ या छोट्या पटासाठी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेत टिपली. आज फोनमधले ‘टाइमलॅप्स’ हेच करते. कॅमेरा थांबवून पात्र हलवायचे आणि पुन्हा सुरू करायचा, की पात्र अदृश्य होते. फिल्म मागे गुंडाळून तिच्यावरच दुसऱ्यांदा चित्र घ्यायचे, की एकाच चौकटीत दोन जगे दिसतात. या दुसऱ्या युक्तीत चुकीला जागा नव्हती, कारण फिल्म एकदा उघडी पडली की पडली. संगणकाने आणलेला मोठा फरक हाच, की मूळ चित्राला हात न लावता त्यावर हवे तितके थर चढवता-उतरवता येतात.

थरांची ही कल्पना एडिटिंग सॉफ्टवेअरचा कणा आहे. प्रीमियर प्रो, दा विंची रिझॉल्व्ह, एडियस, केडेनलाइव्ह किंवा फोनवरचे काइनमास्टर, यांतले कोणतेही उघडले तरी टाइमलाइनवर एकाखाली एक पट्टे दिसतात. वरच्या थरातले चित्र खालच्याला झाकते. किती झाकायचे हे चौथा आकडा ठरवतो. त्याला अल्फा म्हणतात. अल्फा १ म्हणजे ठिपका पूर्ण भरीव, ० म्हणजे पूर्ण पारदर्शक. ल्युकासफिल्ममधील थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये या मिश्रणाचे नियम नीट मांडून दिले आणि आजही बहुतेक सॉफ्टवेअर तेच पाळतात. वरच्या ठिपक्याचा आकडा गुणिले अल्फा, अधिक खालच्याचा आकडा गुणिले उरलेला भाग. वर २००, खाली १०० आणि अल्फा पाव असेल, तर ५० अधिक ७५, म्हणजे १२५. एक दृश्य विरत दुसरे उमलते, त्या ‘डिझॉल्व्ह’मध्ये अल्फा फ्रेमगणिक बदलत जातो, एवढेच.

हा बदल कीफ्रेमने सांगितला जातो. सुरुवातीच्या क्षणी किंमत किती आणि शेवटच्या क्षणी किती, अशा दोन खुणा केल्या की मधल्या किमती सॉफ्टवेअर काढते. त्या एकाच गतीने वाढल्या तर हालचाल यंत्रवत दिसते. खऱ्या वस्तू सावकाश निघतात आणि सावकाश थांबतात, म्हणून कीफ्रेमच्या आलेखाला दोन्ही टोकांशी वळण द्यावे लागते. नवशिक्याचे आणि मुरलेल्याचे काम वेगळे दिसते ते अनेकदा एवढ्याशा वळणामुळे.

स्टुडिओत सर्वाधिक मागणी असते ती क्रोमाची. एका रंगाच्या कापडापुढे माणसे उभी करायची आणि नंतर तो रंग पारदर्शक करून मागे दुसरे चित्र आणायचे. सिनेमात निळ्या पडद्याचे तंत्र लॅरी बटलर यांनी ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) मध्ये वापरले, आणि १९५९ च्या ‘बेन हर’साठी पेट्रो व्लाहोस यांनी त्यात मोलाची सुधारणा केली. डिजिटल कॅमेरे आल्यावर हिरव्या कापडाने बाजी मारली, त्याचे कारण कॅमेऱ्याच्या पोटात आहे. बहुतेक सेन्सरवरच्या प्रत्येक चार प्रकाशबिंदूंपैकी दोन हिरव्या रंगाचे असतात. लाल आणि निळ्याच्या वाट्याला एकेकच येतो. त्यामुळे हिरव्याची नोंद सर्वांत स्वच्छ होते, निळ्यात दाणे जास्त येतात आणि निळ्या कापडाला उजेडही जास्त लागतो.

तरीही महाडमध्ये लग्नाचे काम घेताना हिरवे कापड डोळे मिटून लावता येत नाही. नवरी हिरव्या शालूत आणि हातभर हिरव्या चुड्यात उभी असेल, तर क्रोमा मारताच शालू नाहीसा होतो आणि मागचा किल्ला तिच्या अंगातून दिसू लागतो. तिथे निळे कापडच हवे. उलट, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ २० मार्चला महाडात लोक येतात तेव्हा निळे झेंडे, निळे फेटे, निळ्या साड्या असतात. त्या दिवशी कोणाची मुलाखत क्रोमावर घ्यायची तर कापड हिरवेच लागते. १९२७ च्या त्या घटनेवर माहितीपट करणाऱ्याला हा निर्णय पाहुणे आल्यावर नव्हे, आदल्या दिवशी घ्यावा लागतो. शालू हिरवा आणि शेल्याचा काठ निळा, असा दोन्हीकडून पेच पडला तर क्रोमा सोडून द्यावा आणि खऱ्या पार्श्वभूमीवरच शूटिंग करावे.

कापडापासून माणसे सहा-आठ फूट पुढे असावीत आणि कापडावर वेगळा, सगळीकडे सारखा उजेड असावा. माणूस कापडाला टेकला की हिरवी झाक केसांच्या कडेला, गालावर, पांढऱ्या वस्तूंवर उतरते. मोगऱ्याचा गजरा हे त्याचे ठळक उदाहरण. पांढऱ्या फुलाच्या एका ठिपक्यात लाल २१०, हिरवा २३५ आणि निळा २०५ असेल, तर ते २५ जास्तीचे हिरवे कापडाचे आहे. ‘डिस्पिल’ इफेक्ट अशा ठिकाणी हिरव्याला लाल-निळ्यातल्या मोठ्या आकड्यापर्यंत, म्हणजे २१० वर आणून ठेवतो आणि फूल पुन्हा पांढरे होते. मुंडावळ्यांचे काम याहून नाजूक. मोत्यांच्या त्या बारीक सरी हलत असतात आणि क्रोमाची मर्यादा जरा जास्त ओढली की आधी त्याच तुटतात. फोन आणि बहुतेक साधे कॅमेरे जागा वाचवण्यासाठी चार ठिपक्यांमागे रंगाची एकच नोंद ठेवतात, उजेडाची मात्र चारही. डोळ्याला हे कळत नाही, क्रोमाला कळते. कडा दातेरी निघतात. जास्त रंगनोंद ठेवणारा कॅमेरा मिळाला तर तो क्रोमासाठी राखून ठेवण्यात शहाणपण आहे.

कापड न लावता माणूस वेगळा काढायचा तर मास्क लागतो. पेन टूलने बाह्यरेषा आखायची आणि माणूस हलेल तशी ती फ्रेमगणिक हलवायची. याला रोटो म्हणतात. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने माणूस ओळखून मास्क आपोआप काढतात आणि साध्या दृश्यात ते छान जमतेही. पण पावसात छत्री घेतलेला माणूस, वाऱ्यावर उडणारा पदर किंवा जाखडी नाचातले एकमेकांआड जाणारे पाय आले की मास्क थरथरू लागतो आणि हाताने दुरुस्ती करावी लागते.

मास्क किंवा अक्षरे चित्रातल्या वस्तूला बांधून ठेवण्याचे काम ट्रॅकिंग करते. सॉफ्टवेअर एक छोटा चौकोन लक्षात ठेवते आणि पुढच्या फ्रेममध्ये त्याच्यासारखा चौकोन शोधते. त्याला कोपरा आणि उजेड-सावलीचा ठळक फरक हवा असतो. रायगडावरच्या नगारखान्याच्या कमानीचा कोपरा ट्रॅकरला उत्तम सापडतो. टकमक टोकाखालचा गवताळ उतार सापडत नाही, कारण तिथला प्रत्येक चौकोन शेजारच्यासारखाच असतो. ढग उतरले तर विचारायलाच नको.

थर एकमेकांत मिसळण्याच्या पद्धतींना ब्लेंड मोड म्हणतात. त्यांतल्या दोन नीट समजल्या तरी पुष्कळ काम होते. ‘मल्टिप्लाय’ आकड्यांचा गुणाकार करून चित्र गडद करते; सावली, जुन्या कागदाचा पोत, शाई यांसाठी ते वापरावे. ‘स्क्रीन’ उजेडात उजेड मिसळते. काळ्या पार्श्वभूमीवर घेतलेले धूर, ठिणग्या, पाऊस आणि धुके यांसाठी ते योग्य. काळा भाग आपोआप गळतो, मास्कची गरज पडत नाही.

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटाचे धुके बनवून पाहिले, की इफेक्ट कुठे फसतो ते लगेच ध्यानात येते. धुक्याची तयार क्लिप सरळ दृश्यावर स्क्रीन मोडमध्ये टाकली तर सगळे चित्र दुधाळ होते, जणू लेन्सवर वाफ धरली आहे. खऱ्या घाटात तसे होत नाही. रस्त्याकडेचे जवळचे झाड काळेभोर राहते, पलीकडची डोंगरसोंड राखाडी होते आणि तिच्यामागची रांग आभाळात विरते. धुक्याचा परिणाम अंतरावर अवलंबून असतो. म्हणून दृश्याचे तीन थर करावे लागतात: झाड, सोंड आणि मागची रांग. प्रत्येकाला मास्क द्यायचा आणि धुके त्यांच्या मधल्या जागांत घालायचे. मागच्या थराचा काळा रंग वर उचलायचा, म्हणजे ० चा आकडा १४०-१५० पर्यंत न्यायचा; मधल्याचा ७०-८० पर्यंत; झाडाचा जवळपास तसाच. धुक्याची चाल सावकाश आणि एकाच दिशेने ठेवायची, आणि दृश्यात गवत डावीकडे झुकत असेल तर धुकेही डावीकडेच वाहायला हवे. वळणावरून एसटी येत असेल तर तिच्या दिव्यांभोवती मंद प्रभा द्यावी लागते, कारण खऱ्या धुक्यात दिवा कडा धरून राहत नाही. एवढे केले की प्रेक्षक धुक्याकडे पाहत नाही, घाटाकडे पाहतो.

पावसाचेही तसेच. खरा पाऊस गडद पार्श्वभूमीवर दिसतो, पांढऱ्या आभाळासमोर दिसत नाही. स्क्रीन मोड हा नियम स्वतःच पाळतो, कारण पांढऱ्यात आणखी उजेड मावत नाही. तो मोड सोडून नुसती ओपॅसिटी, म्हणजे थराचा भरीवपणा, कमी करून आभाळावर पावसाच्या रेघा ओढल्या, तर पाऊस छापल्यासारखा दिसतो.

वेग बदलण्यासाठी फ्रेम आधी टिपलेल्या असाव्या लागतात. सेकंदाला १०० फ्रेमने घेतलेला धबधबा २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर चौपट संथ आणि तरीही सलग दिसतो. २५ नेच घेतलेला संथ केला तर सॉफ्टवेअरला मधल्या फ्रेम कल्पनेने बनवाव्या लागतात. ‘ऑप्टिकल फ्लो’ प्रत्येक ठिपका कुठून कुठे गेला याचा अंदाज बांधतो. चालणाऱ्या माणसावर तो बरा चालतो. धबधब्याच्या तुषारांवर आणि खालूबाजातल्या ढोलाच्या टिपऱ्यांवर कोलमडतो, कारण एका फ्रेममधला थेंब पुढच्या फ्रेममध्ये ओळखूच येत नाही. दुचाकीवरून घेतलेल्या घाटातल्या दृश्याला ‘स्टॅबिलायझेशन’ लावताना कडांची छाटणी होते, म्हणून शूटिंग करतानाच चौकट थोडी मोकळी ठेवावी. हिसक्याने आलेला धूसरपणा मात्र चित्र स्थिर केल्यावर उलट जास्तच उठून दिसतो.

सभागृहातल्या दिव्यांची फडफड हा असाच एक नेहमीचा दोष. भारतातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवले तर चित्र शांत येते. ते विसरले तर पडद्यावर पट्टे सरकत राहतात आणि डीफ्लिकर इफेक्ट त्यांना पुसट करतो, घालवत नाही.

रंगांचे काम सगळ्यांत शेवटी करावे आणि आधी दुरुस्ती, मग शृंगार असा क्रम ठेवावा. हळदीच्या कार्यक्रमात चौकटभर पिवळे असते. कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स त्या पिवळ्याला दिव्याचा रंग समजतो आणि सगळे चित्र निळ्याकडे ढकलतो. चेहरे आजारी दिसतात. अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नये. व्हेक्टरस्कोप नावाच्या आलेखात त्वचेच्या रंगाची एक रेषा असते आणि गोऱ्या-सावळ्या सर्व चेहऱ्यांचे ठिपके तिच्या आसपासच पडतात. गोरा-सावळा हा फरक उजेडाचा असतो, रंगछटेचा फारसा नसतो. सावळा चेहरा उजळ करून देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती तंत्राची गरज नाही, आणि माणसाचा चेहरा बदलून देणे हे संपादकाचे काम नव्हे. पावसाळी दृश्यांत दुसरा मोह होतो तो हिरवा भडक करण्याचा. श्रावणातल्या भातखाचराचा हिरवा पिवळसर असतो, जांभळाच्या पानाचा काळपट, शेवाळाचा निळसर. सॅच्युरेशनची, म्हणजे रंगाच्या भडकपणाची, एकच कळ ओढली की तिन्ही एक होतात आणि खाचर प्लास्टिकचे दिसते.

मराठी अक्षरांना इफेक्ट देताना आणखी एक अडचण येते. जुन्या स्टुडिओंत श्रीलिपीसारखे फॉन्ट वापरले जात, त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना विस्कटतो. युनिकोडमध्येही सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी येत नसेल तर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. प्रीमियरच्या काही आवृत्त्यांत यासाठी दक्षिण आशियाई लिप्यांची वेगळी निवड करावी लागते. ‘शिवराय’ हे शीर्षक अक्षर-अक्षराने उमटवताना ‘श’ आधी आणि वेलांटी मागाहून असे होऊ शकते, कारण पडद्यावर आधी दिसणारी वेलांटी साठवणीत ‘श’ नंतर असते. शब्द अखंड उमटवणे किंवा तयार अक्षरे चित्ररूपात आणून हलवणे, हे दोन खात्रीचे मार्ग.

इफेक्टचा सर्वांत जबाबदारीचा वापर रायगडाबाबत होतो. ६ जून १६७४ ला जिथे राज्याभिषेक झाला, त्या गडावर मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफा चालल्या आणि आगीत लाकडी इमारती गेल्या. आज राजवाड्याची आणि बाजारपेठेची उरली आहेत ती मुख्यतः जोती. माहितीपटात त्यांच्यावर भिंती, खांब आणि छपरे उभी करण्याला ‘सेट एक्स्टेन्शन’ म्हणतात. कॅमेऱ्याची हालचाल ट्रॅक करून संगणकात तोच कॅमेरा उभा केला जातो आणि जोत्यांच्या मापावर त्रिमितीय रचना बसवली जाते. सावल्या त्या वेळच्या सूर्याच्या दिशेनेच पडायला हव्यात, म्हणून शूटिंगची तारीख आणि वेळ टिपून ठेवावी लागते. गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असल्याने चित्रीकरणाची परवानगीही आधी घ्यावी लागते. जोते दगडात आहे, तेवढे पुराव्याचे; त्यावरची उंची, कोरीव काम आणि रंग यांचा बराचसा भाग अनुमानाचा. म्हणून पडद्यावर ‘कल्पनाचित्र’ अशी स्पष्ट अक्षरे असावीत आणि मूळ जोत्याचे दृश्य त्याआधी किंवा नंतर, इफेक्ट न लावता दाखवावे. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांना रंग भरतानाही हेच लागू पडते: सॉफ्टवेअर रंग शोधून काढत नाही, तो सुचवते.

आपत्तीच्या चित्रणात हा नियम अधिक कडक असावा. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, आणि त्याच दिवसांत सावित्री-गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. अशा ठिकाणी डोंगराची आधीची आणि नंतरची दृश्ये एकाच चौकटीत पट्टा सरकवून दाखवणारा ‘वाइप’, बाणाची खूण, नकाशावर उमटणारी रेषा हे इफेक्ट समजण्याला मदत करतात. पाण्याचा वेग वाढवणे, आभाळ काळे करणे किंवा दुसऱ्या पुराचा आवाज जोडणे ही फसवणूक आहे. शोक करणाऱ्यांचे चेहरे झाकायचे तर ब्लर पुरेसा जाड ठेवून चेहऱ्यावर ट्रॅक करावा आणि प्रत्येक फ्रेम तपासावी. ट्रॅकर एका फ्रेमपुरता जरी घसरला तरी ती थांबवून पाहता येते. पीडित बालकाची किंवा लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि ओळख चेहऱ्याइतकीच आवाजातून, घराच्या दारावरून, शाळेच्या गणवेशावरूनही पटते.

सर्व थर बसले की काम रेंडरला लावले जाते, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा हिशेब करून एक सलग फाइल लिहिली जाते. एडिटिंग करताना मशीन अडखळत असेल तर मूळ क्लिपच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी वापराव्यात. रेंडरच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ क्लिप घेते. फोनच्या व्हिडिओत फ्रेमचा वेग कमी-जास्त होत असतो, त्यामुळे तो आधी स्थिर वेगात बदलून घ्यावा, नाहीतर अर्ध्या तासाने मंगलाष्टकांचा आवाज ओठांच्या पुढे-मागे धावू लागतो. तयार फाइलबरोबर मूळ फुटेज आणि प्रोजेक्ट फाइलही जपाव्यात, कारण तयार फाइलमधले थर पुन्हा सुटे होत नाहीत. पुराचे पाणी चढणाऱ्या गावात त्यांची एक प्रत वरच्या मजल्यावर आणि दुसरी गावाबाहेर असावी.